घरच्या प्रिंटरवर आईच्या रांगोळ्यांची कार्डं छापली, तो सगळा अनुभव

गेल्या चैत्रात आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. हॉल नको, फ्लेक्स नको, केक तर अजिबात नको असं तिने आधीच सांगून टाकलं होतं, दरवर्षीसारखं वाईच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, बास. तेव्हा माझ्या मनात आलं की येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात ओटीबरोबर आईच्या रांगोळीचं एक छानसं जाड कार्ड द्यायचं. कारण आई गेली पन्नास वर्षं त्या अंगणात रोज रांगोळी काढते आणि संध्याकाळपर्यंत ती पुसून जाते, कुणाच्या घरात तिची एकही रांगोळी राहिलेली नाही.

माझ्याकडे पुण्यात घरी सहा रंगांचा टाकीवाला इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब टाकून छापणारा, फोटो प्रिंटर आहे, मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. ग्लॉसी फोटो पेपरवर तो इतके सुंदर फोटो काढतो की मला वाटलं कार्डशीट घालायची आणि प्रिंट दाबायचं, एका दुपारचं काम. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत जे कळलं ते मी इथे सविस्तर लिहितेय, कारण मला जे हवं होतं ते एका जागी लिहिलेलं कुठेच मिळालं नाही, आणि घरी जाड कार्डवर काहीही छापायचं असेल, मुंजीची पत्रिका असो की बारशाचं आमंत्रण, हेच सगळं समोर येणार आहे.

आधी एका डिजिटल प्रेसमध्ये नमुना काढून बघितला होता, ते सांगते. रेषा तिथे छान आल्या पण गेरूचा रंग चॉकलेटी झाला आणि वर टोनरची, म्हणजे तिथल्या यंत्रातल्या रंगीत भुकटीची, एक चकाकी, रांगोळीला ती चकाकी शोभतच नाही. शिवाय मला एकवीस वेगवेगळ्या रांगोळ्या हव्या होत्या आणि प्रत्येकीचा रंग नीट जुळेपर्यंत परत परत काढून बघायचं होतं, ते दुकानात उभं राहून होत नाही. म्हणून घरीच.

पहिली खेप अप्पा बळवंत चौकातून. आयव्हरी शीट घेतली, २५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन २५० ग्रॅम) म्हणून, हाताला गुळगुळीत, पांढरीशुभ्र, मला फार आवडली होती. घरी येऊन पहिली रांगोळी छापली, ज्ञानकमळ, गेरूवर बारीक पांढऱ्या रेषा. आणि जे बाहेर आलं ते बघून मी बराच वेळ गप्प बसले. रंग धुऊन वाळत घातलेल्या साडीसारखा विटका. गेरू विटकरी गुलाबी. आणि रेषा, आईच्या त्या एकसारख्या बारीक रेषा, काही ठिकाणी अर्ध्या झालेल्या आणि काही ठिकाणी चक्क नाहीशा.

वाटलं फोटो खराब असेल. पण तोच फोटो फोटो पेपरवर काढला तर लखलखीत. म्हणजे भानगड कागदाची. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग घरात होतं, ते घेऊन खिडकीत बसले आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघितले, आणि तेव्हा जे दिसलं त्याने मला अख्खं प्रकरण समजलं.

पांढरी रेघ प्रिंटर छापतच नाही! घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. पांढरी रेघ म्हणजे दोन्ही बाजूंनी रंग घालून मधे मोकळा सोडलेला कागद. साध्या कार्डवर शाईचा थेंब पडला की तो कागदाच्या तंतूंतून इकडे तिकडे पसरतो, टिपकागदावर पसरतो तसा, आणि रेघेच्या डावीकडून आणि उजवीकडून असा दोन्ही बाजूंनी तो त्या मोकळ्या जागेत शिरतो. रेघ जाड असेल तर नुसती बारीक होते, बारीक असेल तर बुजते. भिंगातून ते अगदी स्पष्ट दिसत होतं, कडेला शाईच्या बारीक मुळ्या फुटल्यासारख्या. आणि रंग विटका दिसण्याचं कारणही तेच, शाई वर राहायच्या ऐवजी आत मुरते, आणि कागदाच्या पोटात गेलेला रंग डोळ्यापर्यंत पोचत नाही.

फोटो पेपरवर हे होत नाही कारण त्याच्यावर इंकजेटसाठी खास थर दिलेला असतो, तो थेंबाला जिथे पडला तिथेच धरून ठेवतो आणि पाणी तेवढं शोषून घेतो. म्हणजे मला असं कार्ड हवं होतं ज्याच्यावर तो थर आहे. एवढं साधं, पण हे समजायला मला पहिले पाच दिवस गेले.

आणि समजल्यावरही मी पुढची चूक केलीच, कारण मला वाटलं थर म्हणजे थर. ओळखीच्या एका प्रेसवाल्या काकांकडून ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणलं, लग्नपत्रिकांना वापरतात ते चकचकीत, कोटेड आहे ना विचारलं, ते म्हणाले हो ताई कोटेडच आहे, आणि ते खरंच बोलले. पण ते कोटिंग ऑफसेटच्या, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या मशीनच्या, शाईसाठी असतं, पांढऱ्या मातीचं आणि खडूसारख्या भुकटीचं घट्ट घोटलेलं, आणि ऑफसेटची शाई तेलकट. आपल्या इंकजेटची शाई म्हणजे जवळजवळ पाणी. ती त्या गुळगुळीत थरावर नुसती बसून राहते. प्रिंट बाहेर आला तेव्हा रंग बघून मी आनंदाने मुलाला हाक मारली, इतका तेजस्वी होता! दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायला गेले तर अंगठा लाल. तिसऱ्या दिवशी पण. रंग जिथे दाट तिथे शाईची बारीक बारीक तळी झालेली, वाळायचं नावच नाही. तर आर्ट कार्ड लेझर आणि ऑफसेटसाठी चांगलं, इंकजेटला नाही, आणि दुकानात नुसतं कोटेड आहे का विचारू नका, इंकजेट कोटेड आहे का असं विचारा. दुकानदाराला फरक माहीत नसेल तर एक शीट विकत घेऊन घरी छापून बघा आणि दहा मिनिटांनी बोट फिरवा.

शेवटी ऑनलाइन मागवलं, इंकजेटचं मॅट कोटेड कार्ड, दोन्ही बाजूंनी कोटेड, २३० जीएसएम. दोन्ही बाजूंनी का, तर मागे मला मजकूर छापायचा होता. एकाच बाजूला कोटिंग असलेलं घेतलंत तर कोटेड बाजू आधी ओळखून ठेवा, बोटाचं टोक जरासं ओलं करून कोपऱ्याला लावायचं, ज्या बाजूला बोट किंचित चिकटतं ती छापायची बाजू. बघून कधी कधी कळत नाही.

जाडीबद्दलही एक सांगते. पाकिटावर लिहिलेलं जीएसएम खरं आहे का ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळतं. ए-४ ची सोळा पानं म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. सोळा शीट काट्यावर ठेवायच्या, जितके ग्रॅम भरतील साधारण तेवढं जीएसएम. माझी ती २५० म्हणून घेतलेली आयव्हरी शीट २१० च्या आसपास भरली. मॅट कार्ड बरोबर २३० भरलं. आणि तुमचा प्रिंटर किती जाडीपर्यंत घेतो ते त्याच्या माहितीपुस्तकात बघा, उगाच जास्त जाड कार्ड ढकलून रोलर घालवू नका.

आता कार्ड बरोबर मिळालं, तरी पहिला प्रिंट फिका आणि पट्टे पट्टे असलेला आला. कारण मी सेटिंगला हातच लावला नव्हता, मीडिया टाइपमध्ये प्लेन पेपर होतं. आपल्याला वाटतं ही नुसती नावं आहेत. तसं नाही, त्या एका निवडीवरून प्रिंटर ठरवतो की किती शाई टाकायची, कुठल्या रंगात कुठला रंग किती मिसळायचा. प्लेन पेपर म्हटलं की तो हात आखडता घेतो, साधा कागद भिजेल म्हणून. ग्लॉसी म्हटलं की भरपूर ओततो. मॅट कार्डला मॅटच निवडायचं. मी मॅट निवडलं, क्वालिटी हाय केली आणि परत काढला, आणि गेरू पहिल्यांदा गेरूच्या जवळ गेला.

रेषा पण आल्या. पण एक विचित्र गोष्ट दिसली, आडव्या रेषा एकदम धारदार आणि उभ्या रेषांना शेजारी एक पुसट सावली, दोनदा छापल्यासारखी. मी हेड क्लीनिंग केलं, म्हणजे शाई टाकणाऱ्या हेडची सफाई, काही फरक नाही. नॉझल चेक, म्हणजे हेडची बारीक छिद्रं बुजली नाहीत ना ते बघायची चाचणी, केली तर फिक्या गुलाबीच्या दोन रेषा तुटलेल्या होत्या, उन्हाळ्यात प्रिंटर आठवडाभर बंद राहिला की हे माझ्याकडे होतंच, ते क्लीनिंगने भरून आलं, तरी ती सावली तशीच. मग समजलं. हेड जाताना पण छापतं आणि येताना पण छापतं. साध्या कागदाच्या हिशोबाने ते जुळवलेलं असतं, जाड कार्ड आलं की कागद हेडच्या जवळ येतो, थेंबाला पडायला कमी अंतर मिळतं, आणि जातानाचा थेंब एका बाजूला आणि येतानाचा दुसऱ्या बाजूला सरकतो. सेटिंगमध्ये हाय स्पीड किंवा बायडायरेक्शनल असं काहीतरी असतं, त्याची टिकमार्क काढली की हेड एकाच दिशेने छापतं. वेळ दुप्पट लागतो पण सावली गेली. मला वाटतं जाड कार्डवर धार हवी असेल तर सगळ्यात जास्त उपयोगाची हीच एक टिकमार्क आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

कार्ड घालताना मागच्या उभ्या फीडमधून घालायचं, खालच्या ट्रेमधून नाही. खालच्या ट्रेतून कागद गोल वळून वर येतो, जाड कार्ड त्या वळणावर अडकतं, आणि नाही अडकलं तरी बाक येऊन बाहेर येतं. एका वेळी एकच शीट. आणि मी घाईत एकदा तीन ठेवल्या तर दोन एकदम आत गेल्या, ती शीट फुकट. कडेला काळे डाग पडत असतील तर समजा की कार्डाची कड उचललेली आहे आणि हेड तिला घासतंय, तेव्हा कार्ड उलट्या दिशेने हलक्या हाताने सरळ करून घ्या आणि सेटिंगमध्ये जाड कागदाचा पर्याय असेल तर तो लावा, त्याने हेड थोडं वर उचललं जातं. बॉर्डरलेस, म्हणजे अगदी कडेपर्यंत छापणं, मी केलंच नाही. बॉर्डरलेसमध्ये प्रिंटर चित्र जरासं मोठं करतो आणि कडेने कापतो, आईच्या रांगोळीची चौकट कापली गेली असती, म्हणून चारी बाजूंनी पांढरी जागा सोडून छापलं आणि नंतर स्टीलची पट्टी आणि कटरने कापलं.

रंगाकडे येते, कारण खरी मेहनत तिथे होती.

माझा भाचा डीटीपी करतो, त्याने सांगितलं मावशी फाइल आधी सीएमवायके कर, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात रंग बदल. प्रेससाठी तो म्हणतो ते शंभर टक्के बरोबर आहे. पण घरच्या प्रिंटरला आरजीबीच, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा या हिशोबातले रंगच, द्यायचं असतं, तो स्वतः आपल्या सहा शायांत त्याचं रूपांतर करतो. मी सीएमवायके करून दिलं तर राणी रंग मेला, मोरपंखी मेला, कारण रंग एकदा तिथे मारले गेले आणि मग प्रिंटरने परत एकदा मारले. परत आरजीबी, म्हणजे त्यातल्या नेहमीच्या एसआरजीबीवर आले. दुसरा घोळ असा की फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये पण रंग सांभाळायचं चालू होतं आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पण, दोघंही आपापल्या परीने दुरुस्त करत होते आणि गेरू जांभळट व्हायला लागला. दोघांपैकी एकालाच करू द्यायचं. माझ्याकडे त्या कार्डचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे त्या कार्डवर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल, नव्हतं म्हणून मी सॉफ्टवेअरला गप्प बसवलं आणि प्रिंटरवर सोपवलं. आणि ते व्हिव्हिडचं, म्हणजे रंग भडक करायचं, बटण, मी एका रात्री मोहाने लावलं, पिवळा आणि लाल एकदम उठून दिसले पण हळदीच्या रंगातल्या छटा सगळ्या सपाट झाल्या, पाकळीच्या आतली सावलीच गेली. ते काढून टाकलं.

लॅपटॉपचा ब्राइटनेस. हा माझा नेहमी पूर्ण असतो, त्यामुळे स्क्रीनवर जे लख्ख दिसायचं ते कागदावर अंधारं यायचं आणि मी प्रिंटरला दोष देत होते. कोरं पांढरं पान स्क्रीनवर उघडलं, शेजारी कोरं कार्ड धरलं, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला, माझ्याकडे तो चाळीस टक्क्यांच्या आसपास आला. त्यानंतर स्क्रीन आणि कागद यांचं बरंच जमायला लागलं.

पूर्ण रांगोळी छापून बघण्यात शाई आणि कार्ड दोन्ही जातं, म्हणून एका शीटवर त्याच रांगोळीचा छोटा तुकडा आठ वेळा, प्रत्येक तुकड्यात थोडा बदल, आणि खाली पेन्सिलने काय बदल केला ते लिहायचं. नुसतं लक्षात ठेवते म्हणाल तर चौथ्या तुकड्यापर्यंत विसराल. आणि लगेच निकाल देऊ नका, मॅट कार्डवर ओला असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर थोडा उजळतो. मी निदान एक तास थांबायचे.

पण तरी गेरू जुळेना. मला वाटायचं जुळला, दुसऱ्या दिवशी बघितलं की वाटायचं नाही. मग शनिवारी ती आठ तुकड्यांची शीट घेऊन वाईला गेले. आईने सकाळी अंगणात गेरूचा चौकोन सारवला होता, अजून कडेला ओलसर होता. तिने माझ्या हातातून शीट घेतली आणि सरळ जमिनीवर त्या गेरूच्या शेजारी ठेवली. मी इतके दिवस ट्यूबलाइटखाली बघत होते! तिथे अंगणातल्या सावलीत एका क्षणात दिसलं की सातवा तुकडा जवळचा आणि बाकी सगळे गुलाबी. आई म्हणाली, "हा सातवा बरा आहे, पण गेरूत एवढा लाल नसतो गं, त्यात माती असते." माती असते म्हणजे काय करायचं ते मला लगेच कळलं, प्रिंटरच्या रंगांच्या सेटिंगमध्ये मॅजेंटा (गडद गुलाबी) चार घर कमी आणि पिवळा दोन घर वर. परत येऊन तेच केलं आणि त्यानंतर गेरूला हात लावला नाही.

त्याच भेटीत फोटोही परत काढले. आधीचे फोटो शेजारच्या वहिनींनी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, प्रेमाने काढलेले, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना फोटो बारीक होऊन येतो. ज्या रांगोळ्या परत काढणं शक्य नव्हतं त्यांचे मूळ फोटो वहिनींच्या फोनमधून डॉक्युमेंट म्हणून मागवले, तसं पाठवलं की जसाच्या तसा येतो. हिशोब साधा आहे, इंचाला ३०० पिक्सेल. माझं कार्ड ए-५, म्हणजे साधारण १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात. त्याहून कमी असेल तर कितीही चांगलं कार्ड आणा, धार येणार नाही. बाकीच्या रांगोळ्यांसाठी आई चार दिवस रोज दोन-दोन काढत होती, मीच नको म्हणत होते पण तिला उत्साह आला होता.

फोटो काढायची वेळ सकाळी साडेसहा-सातची, ऊन अंगणात यायच्या आधी. ऊन पडलं की शिरगोळ्याची पांढरी भुकटी इतकी चमकते की फोटोत नुसता पांढरा पट्टा दिसतो, कण दिसत नाहीत. स्टुलावर उभं राहून बरोबर वरून, फोन जमिनीला समांतर, आणि फोनवर बोटाने उजेड किंचित कमी करून. फोनच्या वाइड लेन्सने काढू नका, ठिपक्यांच्या बाहेरच्या ओळी वाकतात आणि आईला ते पहिल्या नजरेत दिसतं. रंग सुधारताना सॉफ्टवेअरमध्ये जो पांढरा दाखवायचा असतो तिथे मी रांगोळीची रेघच दाखवायचे, त्याने सगळा निळसरपणा जायचा. शार्पनिंग, म्हणजे फोटोतल्या कडा धारदार करणं, एकदाच, सगळ्यात शेवटी, फोटो कार्डाच्या मापाचा केल्यावर, आणि अगदी थोडं. जास्त केलं की रेघेच्या कडेला काळी किनार येते आणि ती मॅटवर लगेच डोळ्यात भरते.

मागच्या बाजूला रांगोळीचं नाव आणि आईने सांगितलेल्या दोन ओळी. हे मी आधी फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून जेपीजी केलं होतं, अक्षरांभोवती धुरकट ठिपके आले, अनुस्वार तर कुठे गेला कळेना. मग मजकूर वेगळा टाइप करून पीडीएफ केली, अक्षर अक्षरासारखं आलं. 'मुक्त' नावाचा फॉण्ट घेतला, लहान मापातही त्याच्या काना-मात्रा मोकळ्या राहतात. एक सांगायलाच हवं, मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात आणि पुष्कळ फॉण्टमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते येत नाहीत. आईची शाळा मराठी ल-श ची, तिच्या कार्डवर हिंदी वळणाचा ल मला नको होता. सुरुवातीला मी गेरूच्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं करणार होते, पण तिथेही तीच गोष्ट, पांढरं अक्षर म्हणजे सोडलेला कागद, दोन्हीकडून शाई आत येते. पांढरी हवीच असतील तर ठळक आणि मोठी करा, नाहीतर सरळ पांढऱ्यावर काळी. मी काळी केली.

एका शीटवर दोन कार्डं. एक बाजू छापली की रात्रभर मोकळी पसरून वाळवायची, एकावर एक ठेवायची नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मागची बाजू. आमच्या दिवाणखान्यात पलंगावर, टेबलावर, शेवयांच्या पाटांवर सगळीकडे रांगोळ्या पसरलेल्या. ८४ कार्डं झाली. चाचण्या आणि फुकट गेलेल्या शीट धरून कार्डाचा आणि शाईचा मिळून खर्च एका कार्डाला साधारण पंधरा-सोळा रुपये आला, प्रेसपेक्षा फार स्वस्त नाही, पण रंग माझ्या हातात होता.

पाण्याची भीती मात्र शेवटपर्यंत होती. ही शाई पाण्यात विरघळते, आणि हळदीकुंकवाला काय असतं, ओले हरभरे, पन्ह्याचे पेले, कुंकवाची बोटं. मी एका फुकट गेलेल्या कार्डवर मुद्दाम भिजवलेला हरभरा ठेवून बघितला, पाच मिनिटांत गोल डाग. म्हणून प्रत्येक कार्ड पारदर्शक पाकिटात घातलं. ज्यांना फ्रेम करायची त्यांना काचेमागे लावा आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका असं प्रत्येकीला सांगितलं, या शाईचे रंग उन्हाने उडतात.

३० मार्चला पाडवा झाला, त्यानंतरच्या आठवड्यात हळदीकुंकू. आदल्या दिवशी सगळी कार्डं आईसमोर ठेवली. तिने चष्मा पुसला, एकेक हातात घेऊन बघत होती, काही बोलत नव्हती, आणि मग चैत्रांगणाच्या कार्डवर थांबली. त्यात झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मं, कासव, सगळं आहे. तिने कासवाच्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं बघ, इथं माझी चिमूट सुटली होती, वहिनी हाक मारत होत्या, आणि मी परत इथून धरली." मी भिंग लावून बघितलं. रेघ तिथे केसाएवढी बारीक होते आणि पुढे थोडी जाड होऊन परत सुरू होते, आणि त्या जोडावर चार-पाच कण बाजूला सांडलेले. पहिल्या आयव्हरी शीटवर ती जागा नुसती गेरूने भरून गेली असती.

जुलैमध्ये मावशीसाठी परत दहा कार्डं काढायला घेतली तर सगळी सेटिंग तीच असूनही कडा घासायला लागल्या. पावसाळी हवेने उघड्या पाकिटातल्या शीट बाक धरून बसल्या होत्या. आता उरलेली कार्डं झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, वर जड पुस्तकं ठेवून कपाटात सपाट ठेवते, आणि छापायच्या आधी एक शीट टेबलावर ठेवून चारी कोपरे टेकतात का ते बघते. कोपरे टेकले तर छापायचं, नाहीतर त्या दिवशी नाही. गेरूचे आकडे त्या आठ तुकड्यांच्या शीटवर पेन्सिलने लिहिलेले आहेत, ती शीट प्रिंटरच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे, सातव्या तुकड्याला अंगणातल्या ओल्या गेरूचा डाग आहे.